धारवाडातील समुद्र

हुबळी-धारवाडास समुद्र नाही. समुद्राचे मीठ मात्र येथे पिढ्यान् पिढ्या येत आले आहे. रेल्वेपूर्वीच्या काळी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ते किनाऱ्यावरून घाटावर आणीत आणि परतताना देशावरचे धान्य खाली नेत. हल्ली घरच्या काचपेटीत समुद्री मासे पाळण्याची हौस इकडेही पोहोचली आहे. अशाच एका हौशी स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "वकीलसाहेब, गोव्याचे जाडे मीठ नळाच्या पाण्यात विरघळविले, तर त्याचा समुद्र का होऊ नये?"

याचे उत्तर मिठागरात सापडते. खाडीचे पाणी उन्हाने आटू लागले की प्रथम चुन्याचा अंश आणि त्यामागून जिप्सम तळाशी बसते. मीठ धरते ते त्यानंतर. मीठ ओढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियम व पोटॅशियम साठलेले असते. मिठगावडा ते सोडून देतो, कारण ते मिठात राहिले तर मिठास पाणी सुटते आणि चव कडवट होते. म्हणजे मीठ जितके उत्तम, तितका त्यात समुद्र कमी!

राज्यकर्त्यांची दृष्टीही या वेचलेल्या अंशावरच होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात झालेल्या तहाने गोव्याच्या सीमेवरील जकात उठविली. परंतु ब्रिटिश हद्दीत मिठावर जबर कर असल्याने गोव्याचे स्वस्त मीठ घाटावर लोटले असते. म्हणून इंग्रजांनी वर्षास ४ लाख रुपये देऊन गोव्याच्या मिठागरांचा ताबाच घेतला. ज्याची मिठागरे, त्याची संमती कोणी विचारली नाही. करारशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे. त्याच तहातून मार्मागोव्याची रेल्वे निघाली व १८८८ साली कॅसलरॉकला येऊन आमच्या बाजूच्या रुळांस मिळाली. तह १८९२ साली संपला, रूळ राहिले.

मिठागरात गळालेले अंश परत घालण्याचा उद्योग विलायतेत याआधीच झाला होता. समुद्राचे पाणी लंडनला आणणे जिकिरीचे, म्हणून फिलिप हेन्री गॉस याने १८५४ साली साध्या मिठात जुलाबाचे मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड मिसळून कृत्रिम समुद्र केला. पुढे 'चॅलेंजर' जहाजाने जगभरातून आणलेले ७७ नमुने डिटमार याने तपासले आणि १८८४ साली दाखविले की, खारेपणा कमीअधिक असला तरी क्षारांचे परस्पर प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असते. समुद्राची कृती लिहून ठेवता येते, ती यामुळेच.

एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम. तेव्हा पुडक्यावर हे आकडे छापलेले असतील असेच तयार मिश्रण घ्यावे. पाण्याची गोष्ट वेगळी. मलप्रभेचे नळाचे पाणी क्लोरीन घातलेले, बोअरचे बहुधा जड. यास्तव आरओचे शुद्ध पाणी बरे. आधी पाणी, मग थोडेथोडे मीठ. उलट केल्यास चुना साका होऊन बसतो. पंपाने दिवसभर ढवळून, २५ अंश उष्णतेस विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले म्हणजे मासे सोडण्याजोगे पाणी झाले. पेटीतले पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी, आणि चैत्र-वैशाखात तर सकाळ-संध्याकाळ पाहावी.