केरीची वाळू आणि नदी ओलांडलेली सीमा

१/ गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरीची वाळू तेरेखोल नदीच्या मुखाशी येऊन संपते. तेथून पलीकडे पाहिले की टेकडीवरचा तेरेखोल किल्ला दिसतो. नदी ही सीमा मानली, तर तो महाराष्ट्रात असायला हवा. पण तो गोव्याचा आहे. असे का? #थ्रेड

२/ सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी बांद्यावरून वाहत समुद्राला मिळते. बांदा हे मध्ययुगातील नावाजलेले बंदर. नदीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती आतल्या व्यापाराची नाडी.

३/ म्हणूनच सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी उत्तर तीरावर किल्ला उभारला. तेव्हा दोन्ही तीर सावंतांचेच होते. नदी त्यांच्या मुलखाच्या मधून वाहत होती. ती सीमा नव्हती.

४/ १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने किल्ला जिंकला. त्याच मोहिमेत हळर्णचा किल्लाही पडला. या विजयावरून त्याला पुढे ‘मार्केश द आलोर्ना’ हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे पेडण्यातले हळर्णच.

५/ दक्षिणेकडील पेडणे महाल मात्र पोर्तुगीजांकडे कायमचा गेला तो १७८८ मध्ये. कोल्हापूरकरांशी चाललेल्या संघर्षात सावंतांना पोर्तुगीजांची मदत हवी होती. तिची ही किंमत. त्यानंतर मुखाजवळ नदी दोन सत्तांची सीमा झाली आणि किल्ल्यापुरती ती सीमा पलीकडे सरकलेली राहिली.

६/ पुढे हाच तुकडा पोर्तुगीजांची दुखरी जागा ठरला. भारतीय हद्दीतून तेथे पायी जाता येई; गोव्यातून कुमक यायची तर नदी ओलांडावी लागे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या लहानशा तुकडीने किल्ल्यावर तिरंगा फडकवला. त्यांना अटक झाली.

७/ डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. तोफांनी आखलेली सीमा राहिली, पण आता ती मतपेटीच्या आधारावर.

८/ आज केरीहून फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. तेरेखोल गावातून जमिनीवरचा रस्ता मात्र महाराष्ट्रातील रेडीकडे जातो. गाडीने पेडण्याला यायचे तर आधी महाराष्ट्रातून फिरून, आरोंदा–किरणपाणी पुलावरून नदी ओलांडावी लागते. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लढाईचा हिशेब तेरेखोलचे गावकरी असा रोजच्या वाटेत चुकवतात. (समाप्त)