सांगण्यापूर्वीची तयारी

मंडळी, युनियनचा माणूस आज ख्रिस्ती धर्मोपदेशकांवर बोलणार हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. मी ख्रिस्ती नाही आणि पंडितही नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढे जे काही शिकलो ते करवीर नगर वाचन मंदिराच्या पुस्तकांतून. पण आपल्याला पटलेली गोष्ट दुसऱ्याला पटवायची हाच माझा तीस वर्षांचा धंदा आहे. म्हणून ज्यांनी धर्म सांगायचे काम केले, त्यांनी आधी स्वतःची काय तयारी केली, हे मला पाहावेसे वाटले.

आपल्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले व त्यांनी शाळा काढल्या. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच १८६३ साली जन्मला. १८८६ साली अमेरिकेतील माउंट हर्मन येथे परदेशी धर्मकार्यास जाण्याची शंभर विद्यार्थ्यांनी तयारी दाखवली, त्यात त्याचा पुढाकार होता. ती चळवळ मोठी होती खरी. पण तिचा हिशेब किती जण निघाले या आकड्यांत होतो, आणि आकड्यांचा हिशेब आम्ही युनियनवाले रोजच करतो. माझे मन रमले ते नारायण वामन टिळकांपाशी.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत हाती ठेवली. तेव्हा टिळकांच्या मनात स्वतःच एखादा नवा धर्म काढावा असे घोळत होते! पुस्तक त्यांनी वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकून पडले. तरी बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधला काळ वाचन, शंका आणि पत्रव्यवहार यांत गेला.

खरी परीक्षा पुढेच होती. पत्नी लक्ष्मीबाई धर्मांतराला तयार नव्हत्या. त्यांच्यावर आभाळच कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे दुःख मी सांगायला नको. टिळक एकटे पडले, रडले, पत्रे लिहीत राहिले. पण बायकोला ओढून बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी त्यांनी नेले नाही. पुढे लक्ष्मीबाई परतल्या त्यादेखील आपले सोवळे सांभाळूनच. हे सोवळे आधी सुटले, जात ही माणसांनी केलेली आहे असे त्यांच्याच मनाने घेतले, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला. टिळकांसारखा तापट माणूस पाच वर्षे थांबला! आम्ही सभासद होण्यासाठी कामगाराला पाच मिनिटे देतो.

इथे माझी एक फजिती सांगतो. विशीत असताना इचलकरंजीत यंत्रमागाच्या एका खात्याबाहेर मी एकजुटीवर जोरदार भाषण ठोकले. एक म्हातारा कामगार बिडी विझवून म्हणाला, "लेका, बोलतूस झ्याक. तुझी वर्गणीची पावती दाव की." माझी तीन महिन्यांची वर्गणी थकलेली! गर्दी पांगली. म्हाताऱ्याने मात्र मला चहा पाजला. त्या चहाचा घोट अजून घशात अडकलेला आहे.

टिळकांनी आपली पावती १९१७ साली दाखवली. त्यांनी कीर्तने केली, अभंग रचले, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. पण मिशनचा पगार घेऊन परदेशी लोकांच्या देखरेखीखाली बोलणारा माणूस देशबांधवांना पगारी वाटतो, हे त्यांना सलत होते. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापला. ख्रिस्तावर प्रेम करणाराने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याला तिथे जागा होती. मिशनमधल्या पुष्कळांना हे मानवले नसणार.

आता आयुष्यभर पगारवाढीसाठी भांडलेल्या माणसाने पगार सोडणाराचे कौतुक करावे काय? मी बराच विचार केला. कामाचा दाम घेणे लाजेचे नाही, आणि पगारी उपदेशक खोटाच असतो असेही मी म्हणणार नाही. मिरजेच्या मिशन इस्पितळात पगारावर राबलेल्या माणसांनी हजारो रोग्यांचे प्राण वाचवले आहेत. शिवाय नवऱ्याने पगार सोडला की चूल बायकोला सांभाळावी लागते. हा हिशेब चरित्रकार सहसा मांडीत नाहीत. टिळकांच्या घरी तो लक्ष्मीबाईंनीच सोसला.

दरबार फार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य थोड्याच अध्यायांवर थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लग्नाच्या वेळी ज्यांना धड वाचता येत नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी.