धाब्याची माती

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे वाशीम जिल्ह्यातील गाव. या वऱ्हाडी मुलुखात वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून पूर्वजांनी घरांवर धाबे घातले : लाकडी तुळया, त्यांवर फळ्या वा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पोटमाळा नसला तरी ऊन अडविण्याचे काम ही मातीच करी. दुपारचा ताप तिच्यात मुरे. तो आत पोचेपर्यंत सांज होई.

गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती पडे. जुनी मात्र बहुधा तशीच राही. पिढ्यानपिढ्या ओझे वाढत गेले. मराठवाड्यात अशाच छताला माळवद म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि निजलेल्या माणसांवर माळवदे कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले.

पत्रा हलका खरा. परंतु त्याखालच्या दुपारी तान्ह्या मुलांना व वृद्धांना सोसत नाहीत. तेव्हा धाबे उतरविणाऱ्यांना आम्ही सुचवू इच्छितो : पत्र्याला वरून चुन्याची सफेदी द्यावी, खाली हातभर अंतरावर बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे आणि मधली तापलेली हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. मातीने जे काम केले, ते आता ही पोकळी करील. आणि तिचे ओझे कोणाच्याही उशाशी राहणार नाही.