निरामिष आमिष

'आमिष' या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ मांस. सामिष, निरामिष हे शब्द त्यातूनच आले. आज ज्या आमिषाचा इतिहास बघायचा आहे, त्यात मात्र मांसाचा कणही नाही. अमेरिकेत बास नावाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. त्याला गळाला लावायला लोक धातूची, लाकडाची, प्लॅस्टिकची आमिषं वापरतात. त्यातलं कोणतं निवडायचं, हा प्रश्न.

पहिलं उत्तर चकाकीचं. १८५२ साली ज्युलिओ ब्यूएल यांनी चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचं पेटंट घेतलं. आपल्या दर्शनांत भ्रमाचं उदाहरण देतात ना, शिंपल्याच्या जागी चांदी दिसते म्हणून? इथे चकाकत्या पत्र्याच्या जागी माशाला मासा दिसला.

शतकाच्या अखेरीस मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी जेम्स हेडन लाकडाचे बेडूक कोरू लागले. त्यांची गोष्ट अशी सांगतात, की तळ्याकाठी बसून चाकूने तासलेला लाकडाचा तुकडा त्यांनी सहज पाण्यात फेकला आणि बासने त्यावर झडप घातली. गोष्ट खरी असो वा नसो, तो तुकडा कशासारखाच दिसत नव्हता, हे लक्षात घ्या. पुढे १९४९ मध्ये ओहायोत निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचं हुबेहूब गांडूळ केलं. ते चाललं. मग लोकांनी जांभळं गांडूळ वापरलं, तेही चाललं! आता असं गांडूळ कोणत्या मातीत सापडतं?

म्हणजे साम्य मोजायचं कुणाच्या डोळ्यांनी? रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या, बासकडे दोनच. एक हिरव्यासाठी, एक तांबड्यासाठी. दुकानात टांगलेल्या रंगांमधले कितीतरी भेद गिऱ्हाइकासाठीच असतात. म्हणून जाणकार आधी पाणी बघतो. नितळ पाण्यात साधे, नैसर्गिक रंग. गढूळ पाण्यात गडद आकृती, किंवा थरथरणारं पातं, कारण बास अंगावरच्या पार्श्वरेषेने कंपनं टिपतो. पाणी गार असेल तर मासा सुस्त, मग आमिषही हळू ओढायचं.

१९७२ पासून रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांमध्ये पकडलेला मासा जिवंत सोडण्याची मोहीम चालवली. म्हणजे आमिषात मांस नाही आणि ताटातही नाही! पण सोडलेला मासा शिकलेला असतो. वेदान्ती याला बाध म्हणतील: दोरी कळली की साप उरत नाही. ओळखीच्या आमिषाकडे तो पाठ फिरवतो, मग नवं आमिष शोधावं लागतं. माणसाची पेटी भरत जाते ती अशी.

एक गोष्ट मला बोचते, ती सांगून थांबतो. दुसऱ्याला जग कसं दिसतं, हे इतक्या बारकाईने आपण एरवी कुणासाठी शोधतो? प्रेमापोटी क्वचित. फसवायचं असेल तेव्हा मात्र हटकून.