बैठक आणि उजेड

जुन्या घरांच्या माजघरांत आणि दिवाणखान्यांत पणजोबा-पणजींच्या ज्या तसबिरी अजून टांगलेल्या आढळतात, त्यांतील माणसे इतकी ताठ, इतकी निश्चल का, असे कोणी विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते: त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला फार वेळ लागे, जरा हालचाल झाली की चेहरा पुसट होई, म्हणून माणसाला श्वास आवरून बसावे लागे. हे उत्तर अर्धेच खरे आहे. १८८० च्या सुमारास कारखान्यांत तयार होणाऱ्या जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि चांगल्या उजेडात सेकंदाच्या अंशात प्रतिमा टिपता येऊ लागली; तरीही त्यानंतर कित्येक दशके आपल्याकडच्या स्टुडिओंतून तीच बैठक, तीच टेबलावर टेकलेली मूठ आणि तीच कॅमेऱ्याच्या किंचित पलीकडे लागलेली नजर बाहेर पडत राहिली. काचेची सक्ती उठली, मुद्रा मात्र कायम राहिली. तेव्हा तिचे मूळ शोधायचे तर छायाचित्रकार काय शिकला आणि कोणाकडून शिकला, हे पाहिले पाहिजे. आणि ज्या काळात तालुक्याच्या गावातला तरुण हातातल्या फोनवर चित्रफिती पाहून माणसाला कसे बसवावे व उजेड कोठून घ्यावा हे शिकतो आहे, त्या काळात हा विचार निव्वळ जुन्या गोष्टींच्या आवडीपोटी करावयाचा राहत नाही.

या कलेचे पहिले पाठ्यपुस्तक तिच्या जन्माबरोबरच निघाले. १८३९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या सरकारने या कलेची पहिली व्यवहार्य कृती शोधणाऱ्या दागेरला तनखा बांधून देऊन त्याची कृती जगापुढे खुली केली आणि त्याच वर्षी त्याची पुस्तिका अनेक भाषांत छापली गेली. परंतु त्या पुस्तिकेचा सारा भर चांदीचा मुलामा दिलेला पत्रा, आयोडीन आणि पाऱ्याची वाफ यांवर होता. माणसाला समोर कसे बसवावे ही विद्या तिच्यात येण्याजोगी परिस्थितीच नव्हती, कारण प्रतिमा उमटायला मिनिटे लागत. १८४० मध्ये पेट्झव्हालने रचलेल्या भिंगाने आणि रसायनांतील सुधारणांनी हा अवधी झपाट्याने उतरला, आणि १८४१ च्या मार्चमध्ये रिचर्ड बिअर्डने लंडनच्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छतावर युरोपातील पहिला सार्वजनिक स्टुडिओ उघडला. तेथे उन्हाची तिरीप डोळ्यांना सोसावी म्हणून छताला निळी काच बसविलेली होती. पत्रा निळ्या प्रकाशालाच अधिक ग्रहणशील असल्यामुळे त्या काचेने त्याचे फारसे बिघडत नसे. मानेमागे लोखंडी आधार लावून डोके स्थिर करण्याची युक्तीही याच काळातली. उजेड आणि बैठक या दोन विद्यांचा संसार असा एका छताखाली सुरू झाला.

मुंबईत ही कला लवकर आली आणि विशेष म्हणजे तिचे शिक्षणही लवकर आले. १८५४ साली येथे स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी हिंदुस्थानातील पहिली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था दोन वर्षांनी निघाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी तर वैद्यकीबरोबर छायाचित्रणातही नाव मिळविले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये क्रॉफर्ड यांच्या हाताखाली छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला आणि त्यातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटून १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत आपली चित्रे पोचविली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या वर्षी हा वर्ग निघाला त्या वर्षी मुंबई विद्यापीठाचा जन्मही व्हावयाचा होता.

या वर्गात शिकण्याजोगे पुष्कळ होते, कारण तेव्हाची कोलोडियनची कृती ही नवशिक्याची परीक्षा पाहणारी होती. काचेवर द्रव ओतून, तो चांदीच्या क्षारात बुडवून, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालावयाचा आणि ओला असतानाच अंधारखोलीत नेऊन प्रतिमा प्रकट करावयाची, हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. आणि मुंबईच्या वैशाखात त्या द्रवातला ईथर झपाट्याने उडून जाई, म्हणजे विलायती पुस्तकाने दिलेली मुदतसुद्धा येथे हाती उरत नसे. उजेडाच्या बाबतीत तर पुस्तक याहून अधिक चकवी. स्टुडिओच्या छताची काच उत्तरेकडे असावी, म्हणजे ऊन थेट आत न शिरता दिवसभर सारखा मऊ प्रकाश मिळतो, असा युरोपातील गुरूंचा दंडक, आणि लंडन-पॅरिसच्या अक्षांशावर तो निरपवाद खरा. पण मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला पडल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्याच्याही उत्तरेला सरकतो आणि उत्तरेच्याच काचेतून खाली उतरतो. पावसाचे ढग त्यातले काही आठवडे झाकून नेत असतील, पण मेच्या उत्तरार्धात पडदे ओढण्याची निराळी तजवीज करण्यावाचून गत्यंतर नसे.

माणसांचा पेहरावही उजेडाशी भांडे. छताची काच उंच असली की पगडीची सावली कपाळावर उतरून डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत, म्हणून गुडघ्यांच्या पातळीवर पांढरे कापड ताणून खालून उजेड परतवावा लागे. नथीची सावली ओठावर पडे, आणि बाई जरा वळली की मोत्यावरची चमक गालाच्या प्रकाशाला भारी होई. शिवाय त्या काचा तांबडा रंग जाणतच नसत, त्यामुळे कुंकू काळे दिसे, लाल शालू काळा दिसे, निळे वस्त्र मात्र फिकट होऊन जाई, आणि सावळ्या कांतीचे तर अतोनात नुकसान होई. तेव्हा कोणाला कोणत्या रंगाचे लुगडे नेसून यावयास सांगावे हेही उजेडाच्या शास्त्रातच मोडे. ही सगळी विद्या कोणत्याही विलायती ग्रंथात नव्हती. ती येथल्या माणसांनी स्वतः कमावली, आणि त्यांना ती कमावता आली याचे कारण असे की, उजेडातली चूक काच स्वतः दाखविते. अर्ध्या तासात गुरूविना निकाल हाती येतो.

बैठकीचे तसे नाही. बैठकीतली चूक काच दाखवीत नाही, कारण काचेला ती चूकच वाटत नाही. माणसाने कसे बसावे हे छायाचित्रकार जिथून उचलतो तिथले संस्कार तो नकळत चित्रात उतरवितो. आपल्याकडे तसबिरीची जुनी रीत होती ती दरबारी चित्रकारांची: एकचश्म म्हणजे एका बाजूने दिसणारा चेहरा, मुखावर सावली नाही, हाती फूल किंवा तलवार. पुण्याच्या दरबारात १७९२ साली जेम्स वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे जे तैलचित्र रंगविले, त्यात छायाप्रकाशाने गोलाई दाखविण्याची युरोपीय तऱ्हा आमच्या राज्यकर्त्यांच्या मुद्रांवर उतरलेली दिसते. नंतर डिस्देरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली लहान तसबीर-कार्डे जगभर फैलावली आणि त्यांच्याबरोबर रंगविलेला पडदा, लाकडी खांब, कठडा, जाड पुस्तक व फुलदाणी असा सारा सरंजाम मुंबईला आला. दरबार आणि विलायती दिवाणखाना यांचे हे मिश्रण म्हणजे आमच्या पणजोबांची बैठक होय. पती खुर्चीवर, पत्नी बाजूला उभी, दोघांत हातभर अंतर, ही रचना मात्र घराची होती, आणि तिच्यात एक खरेपणा होता, कारण चारचौघांत ती दोघे तशीच वागत.

छायाचित्रकाराच्या हाती बैठकीचे सामर्थ्य किती मोठे असते, हे एका पुस्तकावरून दिसते. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत मुंबईच्या नाना जातीजमातींच्या लोकांची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक माणसे एके ठिकाणी टिपून त्यांच्यामागे भलत्याच ठिकाणचे देखावे जोडलेले आहेत. माणूस खरा, जागा खरी, दोघांची गाठ मात्र कधी पडलेली नाही. याउलट लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली ठेवला, तेव्हा त्यांनी आधी माणसाची मर्यादा ओळखली व मग कॅमेरा ठेवला. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. त्यांच्या यशाची अनेक कारणे सांगितली जातात. मला त्यांत ही ओळख सर्वांत वरची वाटते.

पुढल्या पिढ्यांत वर्ग मागे पडले आणि स्टुडिओतली उमेदवारी हीच शाळा झाली. पोऱ्याने आधी काचा धुवाव्या, मग पडदे ओढावे, मग पेन्सिलीने काचेवरचे डाग व सुरकुत्या दुरुस्त कराव्या आणि कित्येक वर्षांनंतर केव्हातरी काळ्या कापडाखाली डोके घालावे, असा तो क्रम. पुस्तकेही येत. पण पुस्तकाची मर्यादा दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या या माणसाने गोध्र्याला आणि नंतर बडोद्याला तसबिरींचा धंदा मांडला. कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो या लोकसमजुतीने बडोद्यात तो चालू दिला नाही. नंतर चलच्चित्राचा ध्यास लागल्यावर छापील माहितीवर त्यांचे समाधान होईना, आणि १९१२ च्या आरंभी ते थेट लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहून आले. हात कसा चालतो हे पाहिल्याखेरीज हुन्नर येत नाही, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

विजेचे दिवे आल्यावर उजेड छतावरून खाली उतरला आणि हवा तेथे नेता येऊ लागला. न्यू यॉर्कच्या विल्यम कुर्ट्झने १८६० नंतरच्या दशकात रेम्ब्रांटच्या नावाने चालू केलेली तऱ्हा, म्हणजे एका बाजूने वरून प्रकाश आणि सावलीतल्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण, हॉलिवूडने उचलली व तेथून ती मुंबईत उतरली. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला आणि त्यांनी टिपलेल्या नटनट्यांच्या मुद्रांत त्या खोल छाया आपल्या चेहऱ्यांवर इतक्या शोभून दिसतात की त्यांना उसन्या म्हणवत नाही.

दूर बसून शिकण्याची सोयही जुनीच. १९१० साली निघालेली न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ फोटोग्राफी टपालाने धडे पाठवी. नंतर व्हिडिओ कॅसेटी आल्या आणि डीन कॉलिन्ससारख्या अमेरिकन शिक्षकाने दिवा, पडदा व चेहरा यांचे नाते त्यांतून दाखविले. २००५ मध्ये यूट्यूब निघाले आणि ती शाळा फुकट झाली. याचे मोल मी मनापासून मानतो. दिवा हातभर सरकविल्याबरोबर नाकाची सावली कशी फिरते, हे कोणतेही पुस्तक सांगू शकले नाही. फाळक्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. आज निलंग्याचा किंवा देवरुखचा मुलगा खिडकीशी थर्मोकोलचा तक्ता धरून तेच संध्याकाळच्या आत पडताळून पाहतो. उजेड कोणाहीकडून शिकावा.

बैठकीबाबत मात्र सावधपणा हवा. हनुवटी पुढे काढा, खांदा वळवा, वजन मागल्या पायावर टाका, बोटे सैल सोडा, हे धडे ज्या देहांवर दाखविले जातात ते देह निराळ्या कपड्यांत आणि निराळ्या संकोचांत वाढलेले असतात. नऊवारी नेसलेल्या बाईचे वजन कासोट्यामुळे दोन्ही पायांवर पडते, आणि ती तशी उभी राहिली की जी ऐट येते ती मागल्या पायावर झुकल्याने मोडते. फेटा बांधलेल्याने हनुवटी पुढे काढली की फेटा मागे कलतो. लग्नाआधीच्या चित्रांत गळ्यात हात टाकून उभी केलेली जोडपी पाहिली म्हणजे त्यांच्या चेहऱ्यांवर जो अवघडलेपणा दिसतो, तो पणजोबांच्या ताठपणाहून कमी नाही; फक्त त्याचा आराखडा आता दुसऱ्या देशातून येतो.

म्हणून मला असे वाटते की, साताऱ्या-सांगलीच्या, रत्नागिरीच्या पेठांत जे वृद्ध छायाचित्रकार अजून हयात आहेत, ज्यांनी आपल्या गुरूंच्या हाताखाली पडदे ओढले आणि स्वतः हजारो नवऱ्या-नवरदेवांना खुर्चीवर बसविले, त्यांच्यासमोर याच तरुणांनी आपले कॅमेरे मांडावे. नथ घातलेल्या मुलीला किती वळवावयाचे, पदर डोक्यावरून असता उजेड कोणत्या बाजूने घ्यावयाचा, फोटोला प्रथमच बसणाऱ्या म्हातारीशी काय बोलत राहावयाचे, या गोष्टी त्यांच्या हातांत आणि जिभेवर आहेत व कोठेही लिहिलेल्या नाहीत. चित्रफितीत त्या अजून सहज मावतील. फक्त ही मंडळी असेपर्यंत ते काम झाले पाहिजे.