शूराची लेखणी : कर्नल सेंट क्लेअर मलहॉलंड

रणांगणांत पराक्रम करणारे पुष्कळ. परंतु बरोबर लढलेल्या सोबत्यांचीं नांवें पुढील पिढ्यांसाठीं लिहून ठेवणारे विरळा. अशा विरळ्यांपैकीं एक कॅथॉलिक वीर म्हणजे कर्नल सेंट क्लेअर मलहॉलंड होत.

यांचा जन्म इ. स. १८३९ मध्यें आयर्लंडांतील लिस्बर्न येथें झाला. बालपणींच ते अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं आले. तेथील यादवी युद्धांत १८६२ सालीं पेनसिल्व्हानियाची ११६ वी पायदळ पलटण उभी राहिली, तींत ते लेफ्टनंट-कर्नल झाले. पुढें ही पलटण 'आयरिश ब्रिगेड'मध्यें सामील झाली. त्याच वर्षीं १३ डिसेंबरला फ्रेडरिक्सबर्गच्या चढाईंत ते जखमी झाले. पलटणीची इतकी हानि झाली कीं, उरलेल्यांच्या चारच कंपन्या करण्यांत आल्या. तेव्हां वरचा हुद्दा सोडून मेजर म्हणून ते आपल्या शिपायांबरोबर राहिले.

२ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें ब्रिगेड लढाईस निघाली. प्रत्येकाचें पापनिवेदन ऐकावयास अवकाश नव्हता. म्हणून होली क्रॉस संघाचे रे. फा. विल्यम कॉर्बी एका खडकावर उभे राहिले व गुडघे टेकलेल्या सैनिकांस त्यांनीं सामुदायिक पापविमोचन दिलें. थोड्याच वेळानें गव्हाच्या शेतांत तुंबळ युद्ध झालें. सुमारें ५३० सैनिकांपैकीं जवळजवळ २०० ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

फादरांनीं १८९३ सालीं स्वतःच्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हां या प्रसंगासाठीं त्यांनीं मलहॉलंड यांच्याच वर्णनाचा आधार घेतला. हें योग्यच झालें. आशीर्वाद देणाऱ्यास तो प्रसंग समोरून कसा दिसावा? तो गुडघे टेकणाऱ्यानेंच सांगावयाचा.

युद्धानंतर मलहॉलंड १८६८ सालीं फिलाडेल्फियाचे पोलीसप्रमुख झाले. चॅन्सेलर्सव्हिल येथील शौर्याबद्दल १८९५ सालीं त्यांस 'मेडल ऑफ ऑनर' मिळालें. तरी त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांनीं लिहिलेला ११६ व्या पलटणीचा इतिहास होय. त्यांत लढायांच्या हकीकतींबरोबर साध्या शिपायांचीही नामावली आहे. फादर कॉर्बींच्या पुतळ्यासाठींही त्यांनीं खटपट केली. २९ ऑक्टोबर १९१० रोजीं गेटिसबर्ग येथें त्याचें अनावरण झालें; परंतु तो पाहण्यास ते उरले नव्हते. त्याच वर्षीं फेब्रुवारींत ते प्रभुवासी झाले होते.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, बाप्तिस्म्याच्या व मृत्यूच्या वह्यांत आपल्या पूर्वजांचीं नांवें आहेत. त्यांचें जीवन मात्र वृद्धांच्या स्मरणांतच आहे. ते वृद्ध आपल्यांत आहेत तोंवर त्यांजपाशीं बसा, ऐका आणि लिहून ठेवा.