परवान्याचे माप: व्यवसायातील सॉफ्टवेअर-परवान्यांच्या व्यवस्थापनाची ऐतिहासिक मीमांसा

उद्योगसंस्थेतील सॉफ्टवेअर-परवान्यांचे व्यवस्थापन हा विषय सामान्यतः हिशेबनिसाच्या अथवा संगणकविभागाच्या कक्षेतील मानला जातो. किती प्रती घेतल्या आणि किती संगणकांवर चढविल्या, या दोन आकड्यांचा मेळ बसला म्हणजे काम संपले, अशी समजूत बहुतेक ठिकाणी आढळते. ही समजूत अपुरी आहे. आणि ती अपुरी का, हे परवान्याच्या इतिहासावाचून उलगडत नाही. जमीनमहसुलाच्या अभ्यासकांस यात नवल वाटणार नाही. साऱ्याचा दर तोच राहिला तरी मोजणीच्या काठीची लांबी बदलली की रयतेवरील बोजा बदलतो. सॉफ्टवेअरच्या परवान्यांतही तंट्याचे मूळ दरापेक्षा मापात अधिक आहे, आणि हे माप गेल्या अर्धशतकात वारंवार बदलत आले आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

संगणकाच्या व्यापाराच्या आरंभकाळी आज्ञावलीला स्वतंत्र किंमत नव्हती. आय.बी.एम. ही कंपनी आपली यंत्रे मुख्यतः भाड्याने देई, आणि त्या भाड्यातच आज्ञावली, शिक्षण व तंत्रज्ञांचे साह्य यांचा समावेश असे. १९५५ मध्ये या यंत्रांच्या ग्राहकांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापिली. तिच्या सभासदांत आज्ञावलींची देवघेव मुक्तपणे चाले. जेथे वस्तूला किंमतच नाही तेथे तिच्या मोजणीचा प्रश्न उद्भवत नाही. आज्ञावली स्वतंत्रपणे विकणाऱ्या संस्था त्या काळी उदयास येत होत्या, हे खरे. ‘इन्फर्मॅटिक्स’ कंपनीने १९६७ मध्ये ‘मार्क फोर’ ही आज्ञावली ३०,००० डॉलरांस विक्रीस काढली. तथापि जी वस्तू यंत्राबरोबर विनामूल्य मिळते तिच्यासाठी पैसे का मोजावेत, हा ग्राहकांचा प्रश्न अशा संस्थांच्या मार्गात आडवा येत असे.

या स्थितीत पालट झाला तो १९६९ मध्ये. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेच्या न्यायखात्याने आय.बी.एम.विरुद्ध मक्तेदारीच्या आरोपावरून दावा दाखल केला, आणि २३ जून रोजी कंपनीने यंत्र व आज्ञावली यांची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. यंत्रांचे दर तीन टक्क्यांनी उतरले आणि १७ आज्ञावलींवर स्वतंत्र आकार बसला. या घटनेचा उल्लेख सॉफ्टवेअर-उद्योगाचा प्रारंभ म्हणून नेहमी केला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आज्ञावली विकली गेली नाही. ती वापरण्याचा परवाना मासिक आकारावर देण्यात आला, आणि तोही करारात नमूद केलेल्या विशिष्ट यंत्रापुरता. किंमत यंत्रापासून सुटली, परंतु माप यंत्राशीच बांधलेले राहिले.

२

विक्रीऐवजी परवाना ही योजना केवळ व्यापारी सोयीची नव्हती. तिला कायद्याचेही कारण होते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने १९६४ पासून आज्ञावलींची नोंदणी स्वीकारण्यास आरंभ केला असला, तरी त्या संरक्षणाची व्याप्ती संदिग्ध होती. तिचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९७८ मध्ये अहवाल दिला. आज्ञावलीच्या प्रतीचा जो ‘रीतसर धारक’ असेल त्यास वापरापुरती व सुरक्षिततेपुरती नक्कल करता यावी, अशी आयोगाची शिफारस होती. १९८० च्या कायद्यात तेथे ‘मालक’ हा शब्द आला. एका शब्दाचा हा फरक दूरगामी ठरला. ग्राहक मालक नसून केवळ परवानाधारक आहे असे करारात लिहिले की कायद्याने मालकास दिलेली सवलत त्यास मिळू नये, असा युक्तिवाद निर्मात्यांस करता येऊ लागला. २०१० मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने ‘ऑटोडेस्क’च्या प्रकरणात हीच भूमिका मान्य केली. उलट, युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ‘ओरॅकल’च्या प्रकरणात कायमस्वरूपी परवाना म्हणजे प्रतीची विक्रीच होय, असा निर्णय दिला.

भारतीय कायद्याने येथे निराळी वाट धरली आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ मध्ये संगणक-आज्ञावलीचा समावेश झाला, आणि १९९४ च्या दुरुस्तीने नक्कल करण्याची सवलत ‘कायदेशीर धारका’स दिली, म्हणजे अमेरिकन आयोगाने सुचविलेली आणि तेथील विधिमंडळाने नाकारलेली कल्पनाच आपल्याकडे स्थिरावली. त्याच दुरुस्तीने कलम ६३-ब आले. बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद व ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. वापर व्यापारासाठी नसल्यास न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. व्यवसायसंस्थेस अर्थातच तो आधार नाही.

परवाना म्हणजे विक्री की नाही, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे करआकारणीच्या निमित्ताने आला. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ मध्ये न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ ठरविला. पुढे २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’च्या प्रकरणात, परदेशी निर्मात्यास अशा सॉफ्टवेअरबद्दल दिलेली रक्कम ही कॉपीराइटच्या वापराचे स्वामित्वशुल्क नव्हे, म्हणून तीतून त्या कारणास्तव प्राप्तिकर कापण्याचे बंधन नाही, असा निर्वाळा मिळाला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: करारात ‘परवाना’ हा शब्द आहे एवढ्यावरून व्यवहाराचे स्वरूप ठरत नाही. मात्र वापराच्या मर्यादा करारानेच ठरतात, आणि त्या मर्यादांचे माप हाच व्यवस्थापनाचा खरा प्रश्न होय.

३

हे माप कसे बदलत गेले? वैयक्तिक संगणकांच्या प्रसाराबरोबर ‘नमूद यंत्रा’ची जागा ‘प्रती’ने घेतली. वेष्टनावर छापलेला करार, वेष्टन फोडताच लागू होणारा, हा या काळातील प्रकार. १९९६ मध्ये ‘प्रोसीडी’च्या खटल्यात अमेरिकन न्यायालयाने त्यास मान्यता दिली. संगणकांची जाळी पसरली तेव्हा एकाच वेळी काम करणाऱ्यांची संख्या हे माप पुढे आले. मोठ्या यंत्रांसाठी प्रोसेसरची संख्या रूढ झाली. परंतु एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर बसू लागताच तेही माप डळमळले. ‘मायक्रोसॉफ्ट’ने २००४ मध्ये कोअर कितीही असोत, परवाना प्रोसेसरमागे एकच, असे जाहीर केले, आपल्या ‘एस्क्यूएल सर्व्हर’च्या २०१२ च्या आवृत्तीपासून मात्र तीच कंपनी कोअर मोजू लागली. त्यानंतर आभासी यंत्रे आली, आणि आज्ञावली नेमकी कोणत्या यंत्रावर चालते हेच सांगणे कठीण झाले. २०१५ मध्ये ‘मार्स’ या मिठाईच्या कंपनीने ‘ओरॅकल’च्या लेखापरीक्षणाविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात धाव घेतली, तिचे कारण हेच होते. आज्ञावली जेथे चालते तेवढीच यंत्रे मोजावयाची, की जेथे ती हलविली जाऊ शकते ती सर्व? २,३३,०८९ पाने कागदपत्रे सादर करूनही हा वाद मिटला नव्हता. अखेर तो आपसांत मिटला.

या मालिकेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण ‘एसएपी’ विरुद्ध ‘डियाजिओ’ हे होय. ‘डियाजिओ’ या मद्य-उत्पादक कंपनीने २००४ मध्ये ‘एसएपी’शी करार केला. त्याचे माप होते नामनिर्दिष्ट वापरकर्ता. ग्राहक दूरध्वनीवर मागणी नोंदवीत आणि परवाना असलेला कर्मचारी ती प्रणालीत भरी. पुढे कंपनीने ‘सेल्सफोर्स’च्या आधारे दोन व्यवस्था उभारल्या: एकीत ग्राहक स्वतःच मागणी नोंदवू लागले, दुसरीत विक्री-प्रतिनिधी आपल्या भेटींची नोंद करू लागले. दोन्हींची माहिती शेवटी ‘एसएपी’च्या प्रणालीत पोहोचत असे. एकही नवी प्रत कोठे चढविली गेली नव्हती. तरीही लंडनच्या न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१७ रोजी असा निर्णय दिला की हे ग्राहक व प्रतिनिधी अप्रत्यक्षपणे प्रणालीचा वापर करीत होते, सबब त्यांच्यासाठी परवाना आवश्यक होता. ‘एसएपी’ची मागणी ५ कोटी ४५ लाख पौंडांहून अधिक होती, देय रक्कम किती हे त्या निकालात ठरले नाही. एप्रिल २०१८ मध्ये ‘एसएपी’ने अशा अप्रत्यक्ष वापरासाठी निर्माण होणाऱ्या दस्तऐवजांची संख्या मोजण्याची नवी पद्धत जाहीर केली. यंत्र, प्रत, माणूस आणि आता दस्तऐवज, असा हा मापाचा प्रवास आहे.

४

या इतिहासातून व्यवस्थापनास कोणता बोध मिळतो? ‘डियाजिओ’चा दोष प्रती मोजण्यात झालेला नव्हता. जुन्या मापाच्या करारावर नवी कार्यपद्धती उभारताना त्या करारातील ‘वापर’ या शब्दाची व्याप्ती पुन्हा तपासली गेली नाही, येथे खरी चूक होती. म्हणून परवान्यांचे दप्तर तीन वह्यांचे असावे लागते. पहिली हक्कांची: कोणता करार, कोणते माप, कोणती मुदत, हस्तांतर होते की नाही, तपासणीचा अधिकार कोणास. दुसरी स्थापनेची: काय कोठे चढविले आहे. तिसरी वापराची: प्रत्यक्षात कोण, किती आणि कोणत्या मार्गाने वापरतो. आंतरराष्ट्रीय मानक १९७७० चा पहिला भाग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर स्थापित सॉफ्टवेअरच्या ओळखीचा भाग २००९ मध्ये, हक्कांचा २०१६ मध्ये आणि वापराच्या मोजणीचा २०१७ मध्ये आला. स्थापनेची वही सर्वांत सोपी म्हणून ती आधी सिद्ध झाली, आणि अनेक संस्था अजून तेथेच थांबल्या आहेत.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की आता वर्गणीच्या पद्धतीमुळे ही सारी चर्चा कालबाह्य झाली आहे. ‘अडोबी’ने मे २०१३ मध्ये आपल्या प्रमुख आज्ञावलींचे नवे कायम परवाने थांबवून वर्गणीचा मार्ग धरला, पुष्कळांनी तिचे अनुकरण केले. वर्गणीत अनधिकृत प्रतीचे भय कमी होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वर्गणी म्हणजे १९६९ च्या मासिक आकाराचेच पुनरागमन होय, आणि तिच्याबरोबर दुसरा धोका येतो. पूर्वी परवाने कमी पडत. आता नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावे आकार चालू राहतो. वही बदलली, ताळमेळाची गरज टळली नाही. मुक्त सॉफ्टवेअरही यास सर्वस्वी अपवाद नाही. १९८९ च्या ‘जीपीएल’ परवान्यात प्रतींची मोजणी नाही, पण वितरण करणाऱ्यावर मूळ संहिता उपलब्ध करून देण्याचे बंधन आहे, आणि त्याचीही नोंद हक्कांच्या वहीत हवी.

सारांश, परवान्याच्या व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न ‘आपल्याकडे किती आहेत’ हा नसून ‘आपण काय मोजावयाचे कबूल केले आहे’ हा आहे. संस्थेत नवे यंत्र, नवी जोडणी अथवा नवी कार्यपद्धती येईल त्या त्या वेळी हा प्रश्न पुन्हा विचारला गेला पाहिजे. जी संस्था तो केवळ तपासनीस दारात आल्यावर विचारते, तिला उत्तर दुसऱ्याच्या काठीने मोजलेले मिळते.